इनिशगॉर्मचं शून्य

लस द्यायला आलेल्या डॉक्टरला इनिशगॉर्म बेटावरच्या लोकांनी आधी चहा पाजला, मग लोणी लावून गरम स्कोन खाऊ घातला, मग तिच्या आईच्या गुडघ्याची चौकशी केली. लस मात्र घेतली नाही. ती डॉक्टर मी.

२०२१चा एप्रिल होता. आयर्लंडभर वयाच्या क्रमाने लस चालली होती. बेटांपुरता वेगळा विचार झाला होता: पुन्हा पुन्हा बोट नेण्यापेक्षा एकदाच जायचं आणि मोठ्या माणसांपैकी झाडून सगळ्यांना टोचून यायचं. त्यावरून किनाऱ्यावरच्या आमच्या बालिनेस्क गावातली तरणी मंडळी जळत होती. "डॉक्टर, मी आजपासून बेटावर राहायला जातो," हे मला दुकानात, पेट्रोल पंपावर, कुठेही ऐकू यायचं. आणि ज्यांच्या दारात ती लस बोटीने चालत आली होती, ते हॉलच्या बाहेर उन्हात उभे राहून मेंढ्यांच्या गप्पा मारत होते.

माझं नाव भार्गवी. शिकले मिरजेला. मग कॉर्कच्या सरकारी हॉस्पिटलात काही वर्षं काढली, आणि तिथल्या रात्रपाळ्यांना कंटाळून बालिनेस्कला फॅमिली डॉक्टर म्हणून आले. गाव म्हणजे समुद्राकडे उतरणारा एक रस्ता, दोन पब, एक चर्च आणि माशांचा कारखाना. धक्क्यावर उभं राहिलं की समोर इनिशगॉर्म दिसतं, पाण्यात बसलेल्या म्हशीसारखं. ही उपमा आईची. आई, म्हणजे नंदाबाई, सांगलीच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली. २०२०च्या फेब्रुवारीत 'जरा लेकीकडे जाऊन येते' म्हणून आली आणि विमानं बंद झाल्यावर अडकली ती अडकलीच. एव्हाना तिला गावातली सगळी कुत्री नावानिशी माहीत होती, आणि 'कशा आहात' विचारलं की ती इथल्यासारखं "ग्रँड, ग्रँड", म्हणजे 'मजेत', म्हणायला लागली होती.

हॉलमध्ये माझ्याबरोबर नर्स नोरा होती. गर्दी होणार म्हणून तिने सकाळीच बऱ्याच कुप्या पातळ करून ठेवल्या होत्या. एकदा पातळ केलेली लस काही तासांत वापरावी लागते, नाहीतर टाकून द्यायची. दुपारपर्यंत आले ते शाळेच्या बाई, पोस्टाचं काम बघणारे एक गृहस्थ, आणि आपल्या मुलाने फोनवरून दम दिला म्हणून आलेलं एक म्हातारं जोडपं. बस.

"तू बाहेर जाऊन बघ बाई," नोरा म्हणाली. "मी हिला तोंड देते." 'हिला' म्हणजे लस भरलेल्या सिरिंजांच्या ओळीला.

बाहेर धक्क्यावर डोनल आपल्या फेरीबोटीचा दोर गुंडाळत बसला होता. डोनल ओ'ड्रिस्कॉल, साठीचा, रुंद खांद्यांचा, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. किनारा आणि बेट यांच्यामध्ये बोट चालवणारा तो एकटाच. साथ आली त्या मार्चमध्ये बेटावरच्यांनी सभा घेतली आणि डोनलने तिथल्या तिथे सांगितलं होतं, उद्यापासून माझ्या बोटीत बेटाबाहेरचा माणूस चढणार नाही. किराणा येईल, औषधं येतील, टपाल येईल, माणूस नाही. आणि त्याने ते पाळलं. बेटावर सुट्टीचे बंगले असलेल्या डब्लिनकरांनी पैशाचं आमिष दाखवलं, शिव्या दिल्या, तो ढिम्म हलला नाही. आम्हा दोघींनाही लसीच्या त्या एका दिवसापुरतंच, नोराच्या नवऱ्याच्या बोटीतून येऊ दिलं होतं. आयर्लंडमध्ये दोन लाटा येऊन गेल्या, तिसरीने तर जानेवारीत कंबरडं मोडलं, पण इनिशगॉर्मवर एकही माणूस आजारी पडला नाही. पबच्या फळ्यावर कुणीतरी खडूने भलंमोठं शून्य काढलं होतं. येता-जाता लोक त्याला बोट लावायचे.

"डोनल, लोक येत का नाहीयेत?" मी विचारलं.

"येतील की. घाई काय आहे?"

"तुमचा लसीवर विश्वास नाही का?"

त्याला खरंच वाईट वाटलं. "छे छे डॉक्टर, तसलं काही नाही. उत्तम गोष्ट आहे. पण आम्ही ग्रँड आहोत ना. त्या कॉर्कमधल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना द्या, तिकडे माणसं मरतायत. इथे कोण मरतंय? आमचं आम्ही नंतर बघू."

"आणि तुम्ही स्वतः?"

"मी सगळ्यांत शेवटी," तो म्हणाला आणि पुन्हा दोर गुंडाळायला लागला.

यावर भांडायचं तरी कसं? अफवा असती तर खोडून काढली असती, भीती असती तर समजूत घातली असती. हा तर माझ्यासमोर औदार्य घेऊन बसला होता.

उरलेल्या लसी वाया जाऊ द्यायच्या नव्हत्या. नोराने बोटीतूनच माशांच्या कारखान्यात फोन लावला. आम्ही बालिनेस्कच्या धक्क्याला लागलो तेव्हा कामगारांची रांग तयार होती, रबरी बुटांसकट, अंगाला खारट वास येत असलेली. एक पोलिश बाई एक बाही वर करूनच पळत आली होती. बेकरीवाला पायात स्लिपर घालून आला. कुणी विचारलं नाही कुठली लस, किती दुखेल. जानेवारीत त्यांच्या गल्लीतल्या वृद्धाश्रमातून एकामागून एक शवपेट्या बाहेर पडताना सगळ्यांनी पाहिल्या होत्या, आणि अंत्यविधीला दहाच माणसं चालतील म्हणून रस्त्याच्या कडेला लांब लांब उभे राहिले होते. त्या लोकांना लस म्हणजे काय ते मी समजावून सांगायची गरज नव्हती.

डोस संपले. रांग उरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाचा फोन आला. माझा मोठा भाऊ देवदत्त न्यूझीलंडला हॅमिल्टनमध्ये एका दूध कारखान्यात इंजिनिअर आहे. आमची सकाळ म्हणजे त्याची संध्याकाळ. गेलं वर्षभर त्याच्या फोनचा मला धसका होता. मला घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायची बंदी, आणि हा स्टेडियममध्ये खांद्याला खांदा लावून रग्बी बघतोय. मी प्लास्टिकचा अंगरखा चढवून घामाने निथळतेय, आणि हा कुणाच्या तरी लग्नात नाचतोय. वर म्हणायचा, "भार्गवे, तुमच्याकडे अजून ते मास्क वगैरे चालू आहे का गं?"

आता मी विचारलं, "दादा, तुझा लसीचा नंबर कधी?"

"काय माहीत. माझ्या वयाच्या लोकांना वर्षाच्या उत्तरार्धात म्हणतायत."

"एवढा उशीर? तुमचं सरकार तर जगात शहाणं ना?"

"अगं, शहाणं आहे म्हणूनच. हे बघ, गेल्या वर्षी लस नुसती प्रयोगशाळेत होती, तेव्हा तुमच्याकडे माणसं पटापट मरत होती. तुम्ही डोळे मिटून जी दिसेल तिच्यावर पैसे लावले. लागली तर लागली. आमच्याकडे साथच नाही, मग जुगार कशाला खेळायचा? म्हटलं, दुसऱ्यांवर काय होतं ते बघू. मोठ्या चाचण्याही जिथे आजार पसरलाय तिथेच होणार. इथे रोगच नाही तर लस रोग थांबवते की नाही ते कळणार कसं? मग करार सावकाश, परवानगी सावकाश. घाईने परवानगी द्यायला काहीतरी आग लागलेली पाहिजे ना."

"आणि लोक काही म्हणत नाहीत?"

"लोक काय म्हणणार? लोक म्हणतात, आम्ही ठीक आहोत, आधी गरजूंना द्या. मलाही तसंच वाटतं. आपल्याकडे सांगली-मिरजेत काय चाललंय बघतेस ना? मी इथे आधी टोचून घेऊन काय करू?"

मी कपाळाला हात लावला. "दादा, हे सगळं काल मला एका बोटवाल्याने सांगितलंय. शब्दाला शब्द."

"मग शहाणा माणूस दिसतोय," दादा खूश होऊन म्हणाला.

आईने माझ्या हातातून फोन काढून घेतला. "देवा, शहाणपणा पुरे. दाराला कडी लावली म्हणून काय घरात चोर कधी शिरतच न्हाई व्हय रे? जेवलास का?"

पुढचे काही आठवडे मी बेटावर भीती पसरवायचा प्रयत्न केला, आणि सपशेल आपटले. मी फोन करून फुप्फुसांचं सांगायचे, ऑक्सिजनचं सांगायचे. लोक शांतपणे ऐकून घ्यायचे. ब्रिजेट नावाच्या ऐंशीच्या पुढच्या आजीबाई म्हणाल्या, "डॉक्टर, तुमच्या आवाजावरून तुम्ही फार दमलेल्या वाटता. इकडे या चार दिवस. अरे हो, तुम्हाला येता येणार नाही, डोनल आणणार नाही." आणि स्वतःच्याच बोलण्यावर खळखळून हसल्या.

डोनलबद्दलची दुसरी गोष्ट मला नोराकडून कळली. त्याला एकच मुलगी, एमर. डब्लिनजवळ लिक्सलिपला, संगणकाच्या चिप बनवायच्या प्रचंड कारखान्यात इंजिनिअर. आदल्या नाताळात सरकारने निर्बंध थोडे सैल केले तेव्हा एमर सामान घेऊन बालिनेस्कच्या धक्क्यापर्यंत आली होती. बापाला वाटलं ती नुसती लांबून भेटायला आलीय. तिला वाटलं, आपल्याला तर नेईलच. डोनलने बोट धक्क्यापासून थोडी दूर उभी केली आणि तिथूनच सांगितलं, आज तुला नेलं तर उद्या प्रत्येकाच्या मुलीला न्यावं लागेल. एमर मागे वळली. सामान उचललं आणि कॉर्कच्या बसमध्ये बसली. तेव्हापासून तिने बापाचा फोन उचलला नव्हता.

"सगळं बेट त्याला देव मानतं," नोरा म्हणाली, "आणि तो घरी जाऊन एकट्याने डबाबंद सूप पितो."

मे महिन्याच्या मध्यावर वादळ आलं. तसं फार मोठं नाही, पण नैर्ऋत्येकडून सलग वारा आणि उंच लाटा. संध्याकाळी बेटाच्या टोकावरून कुणाला तरी एक शिडाची बोट दिसली, सुकाणू मोडून भरकटलेली, खडकांच्या दिशेने सरकत चाललेली. किनाऱ्यावरची लाइफबोट निघाली होती, पण तिला पोचायला वेळ लागणार होता. डोनलने कुणाला विचारलं नाही. बेटावरचे दोन तरुण बरोबर घेतले आणि फेरीबोट बाहेर काढली. त्या लाटांत त्याने दोर फेकला, दोनदा हुकला, तिसऱ्यांदा लागला. शिडाच्या बोटीवर एक फ्रेंच नवरा-बायको होती. नवऱ्याला उभं राहवत नव्हतं. डोनलने त्याला अक्षरशः कवेत धरून आपल्या बोटीत ओढलं आणि सगळा वेळ स्वतःच्या अंगाशी घट्ट धरून ठेवलं, नाहीतर तो पाण्यात गेला असता. तो माणूस खोकत होता.

"वाऱ्याने गारठलाय असं वाटलं," डोनल मला नंतर म्हणाला. "आणि वाटलं नसतं तरी काय केलं असतं? समुद्रात सोडतो का कुणी माणसाला?"

वारा पडल्यावर मी आणि नोरा तिच्या नवऱ्याच्या मासेमारीच्या बोटीतून बेटावर गेलो. फ्रेंच माणसाची चाचणी पॉझिटिव्ह आली. त्याला आणि त्याच्या बायकोला एका रिकाम्या बंगल्यात वेगळं ठेवलं. दोघं पुढे बरी झाली. बरोबरचे दोन तरुण निगेटिव्ह निघाले. डोनलला पाचव्या-सहाव्या दिवशी ताप भरला.

वर्षभर ज्याने एक माणूस बेटावर येऊ दिला नाही, तोच बेटावरचा पहिला रुग्ण झाला.

तापापेक्षा त्याला लाजेनेच जास्त पछाडलं. कुणाला न सांगता त्याने आपली जुनी, वापरात नसलेली मासेमारीची होडी धक्क्यापासून जरा दूर नेली, नांगर टाकला, आणि आत घोंगडी घेऊन पडला. घरात राहिलो तर शेजाऱ्यांना लागेल, म्हणे. पबच्या मालकिणीने फळा पुसला. लोक धक्क्यावर येऊन नुसते उभे राहायचे.

मी रोज जायला लागले. एक दिवस आई म्हणाली, "मी पण येते की. दोन डोस झालेत माझे. म्हातारा एकला पडलाय, खायला काय मिळत असंल त्याला?" आणि तिने मुगाची खिचडी केली, वर तुपाची धार, सोबत लसणाची चटणी.

त्याच सकाळी बालिनेस्कच्या धक्क्यावर एक उंच, केस घट्ट बांधलेली मुलगी नोराच्या नवऱ्याशी हुज्जत घालत होती. मी जवळ गेले तेव्हा तिचा आवाज चिरकला होता. "माझ्या काउंटीच्या बाहेर जायला आता परवानगी आहे, माझी चाचणी निगेटिव्ह आहे, आणि तो माझा बाप आहे. तुम्हाला आणखी काय पाहिजे?"

ती एमर होती. नोराने तिला फोन केला होता.

"बस बोटीत," नोराचा नवरा शेवटी म्हणाला. "तसंही आता राखायला काय उरलंय?"

बोटीत आई एमरच्या शेजारी बसली. एमर वाटभर पाण्याकडे बघत राहिली. आईने डबा तिच्या मांडीवर ठेवला, जणू ती गाडीतल्या पोरीला 'जरा धर गं' म्हणतेय. एमरने तो दोन्ही हातांनी धरला. त्यावर दोघींचं भागलं.

डोनलच्या होडीपासून थोड्या अंतरावर आमची बोट थांबली. मी हाक मारली. घोंगडीतून डोकं वर आलं, दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले.

"बोटाला ऑक्सिजनचं यंत्र लावा!" मी ओरडले. "आकडा किती येतो?"

"शहाऐंशी! नाही, थांबा, उलटं धरलंय... अठ्ठ्याण्णव!"

माझा जीव भांड्यात पडला. मग त्याला माझ्यामागे उभी असलेली एमर दिसली.

तो उठून बसला. वाऱ्याने होडी थोडी फिरली, तसा तो तिच्याबरोबर फिरला, मान मात्र आमच्याकडे वळवून.

"हॅपी ख्रिसमस, डॅड," एमर म्हणाली.

मे महिन्याच्या उन्हात डोनलने तोंडावर घोंगडी ओढून घेतली. बराच वेळ ती हलत होती. आम्ही तिघी कुठेतरी दुसरीकडे बघत राहिलो. मग तो बाहेर आला आणि मला उद्देशून बोलला, पण सांगत होता तिला.

"डॉक्टर, तुम्ही विचारलंत ना, लस का घेत नाही म्हणून. मी घेतली असती तर सगळ्यांनी घेतली असती. मग म्हणाले असते, डोनल, आता बोट सुरू कर. आणि बोट सुरू झाल्यावर जो पहिला मेला असता, तो माझ्या बोटीतून आलेल्या माणसामुळे मेला असता. बंद मी एका दिवसात केलं. उघडायचं कसं ते मला कळेना. शून्य होतं ना. शून्याला हात कसा लावायचा?"

"मी मेले असते तर कोणाच्या हिशेबात धरलं असतंस?" एमरने विचारलं. "तिकडे लिक्सलिपला? मी तुझ्या शून्यात नव्हतेच."

"नव्हतीस," डोनल म्हणाला. "हे मला तू बसमध्ये बसलीस त्याच दिवशी कळलं होतं. पण तोपर्यंत मी देव झालो होतो. देवाला मागे फिरता येत नाही."

आईला त्याचं इंग्रजी निम्मंच कळलं असावं, पण तिला तेवढं पुरलं. तिने डबा बादलीत ठेवला, बादलीला दोर बांधला, आणि नोराच्या नवऱ्याने ती पाण्यावर तरंगत होडीकडे सोडली.

"डोनल!" आई ओरडली. "ईट! हॉट हॉट!"

"हे काय आहे, मिसेस?"

आईने मुगाच्या डाळीसाठी इंग्रजी शब्द शोधला. सापडला नाही. "ग्रँड!" ती म्हणाली.

एमर हसली. तिकडून डोनलही हसला, आणि हसता हसता खोकला. मी त्याला पुन्हा यंत्र लावायला लावलं. त्याने चटणी मात्र चुकून एकदम सगळी तोंडात टाकली, आणि त्यानंतर काही वेळ जे झालं त्याला कोविड जबाबदार नव्हता.

डोनल बरा झाला. फार काही बिघडलंच नाही. नशीब म्हणायचं, कारण त्याच्या वयाची माणसं मी जाताना पाहिली होती. एमर बापाच्या घरात राहिली, रोज होडीपाशी जाऊन त्याच्याशी भांडली, आणि सुट्टी संपल्यावर परत गेली. जाताना तिने बापाला फोन उचलायचं वचन दिलं, रोज नाही, पण बहुतेक वेळा.

जूनमध्ये मी पुन्हा लस घेऊन इनिशगॉर्मला गेले. या वेळी नोराने एकही कुपी आधी पातळ केली नव्हती. हॉलचं दार उघडलं तर खुर्च्या भरलेल्या. बाहेर भिंतीला टेकून माणसं उभी. ब्रिजेटबाई सगळ्यांत पुढे, टोपी-बिपी घालून.

"घाबरलात की काय?" मी त्यांची बाही वर करताना विचारलं.

"घाबरायचं काय? डोनल तर धडधाकट आहे," त्या म्हणाल्या. "खरं सांगू? आम्ही सगळे त्याचं शून्य सांभाळत होतो. शून्य मोडून बेटाला मान खाली घालायला लावणारा पहिला माणूस आपण होऊ नये, एवढंच मनात. आता तो मान खाली घालून वरही आला. म्हटलं चला, मोकळं झालं. माझी नातवंडं बॉस्टनला आहेत, डॉक्टर. मला ती बघायचीत."

सगळ्यांचीच अशी कारणं होती. कुणाला बहिणीकडे जायचं होतं, कुणाला उन्हाळ्यात बंगला भाड्याने द्यायचा होता, एकाला नुसतं कॉर्कमध्ये जाऊन दात काढून घ्यायचा होता. मी महिनाभर जो धाक विकायला बघत होते, तो कुणीच विकत घेतला नव्हता. मी खिडकीबाहेर पाहिलं. डोनल रांगेच्या कडेने फिरत होता, म्हाताऱ्यांना खुर्च्या देत होता. आजारातून उठल्यामुळे त्याचा डोस अजून लांब होता. सगळ्यांत शेवटी, असं तो म्हणाला होता, तसंच झालं.

त्याची लस मी जुलैत दिली, माझ्या बालिनेस्कच्या दवाखान्यात. सव्वा वर्षाने तो गावच्या रस्त्यावर चालत होता. काहीही नवीन नसताना प्रत्येक दुकानासमोर थांबत होता. त्याच दिवशी तो लिक्सलिपला जायला निघाला. खांद्याला पिशवी, तीत मेंढीच्या लोकरीचा स्वेटर आणि कागदात गुंडाळलेला मासा. आई त्याच्याबरोबर कॉर्कपर्यंत बसने गेली, तिला हळद आणि पोहे आणायचे होते. माघारी येऊन तिने सांगितलं की ट्रेनच्या स्टेशनावर डोनल एवढी माणसं बघून गप्पगार झाला, मग तिनेच त्याला डब्यात बसवून दिलं. "बोटीत वाघ आणि प्लॅटफॉर्मवर कोकरू," ती म्हणाली. "माशाचा वास मात्र अख्ख्या डब्याला हो."

ऑगस्टमध्ये एका सकाळी दादाचा फोन आला. या वेळी मागे हॉर्नचे आवाज होते. न्यूझीलंडमध्ये एक रुग्ण सापडला होता. एकच. आणि त्या एकासाठी सगळा देश रातोरात बंद झाला होता.

"कुठे आहेस?" मी विचारलं.

"गाडीत. लसीच्या रांगेत. अगं, अख्खं हॅमिल्टन इथे लोटलंय. माझ्यापुढे इतक्या गाड्या आहेत की लसीचा तंबू दिसत नाहीये. लोक डबे घेऊन आलेत."

"काय रे, आधी गरजूंना द्या म्हणत होतास ना?"

"भार्गवे, चिडव, चिडव. एका वर्षाचं उसनं आहे, फेड."

मला चिडवायचं खूप होतं. वर्षभर जमवलेली वाक्यं तयार होती. पण त्याच्या आवाजात मला ओळखीचं काहीतरी ऐकू आलं, आपण जपलेलं काहीतरी फुटल्यावर येतं ते ओशाळलेपण, आणि त्याच्या तळाशी जरासा सुटकेचा श्वास.

"घाबरला आहेस का?" मी विचारलं.

"थोडासा. तुम्ही कसं केलंत गं दीड वर्ष?"

"केलं. तूही करशील. तुमच्याकडे आता पटापट होईल बघ, उशिरा निघालेले जोरात पळतात."

"असं कुणी सांगितलं?"

"मी बघितलंय."

आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली. तिचं परतीचं तिकीट पुढच्या महिन्याचं झालं होतं, त्यामुळे सगळ्या जगावर ती खूश होती. तिने फोनच्या स्क्रीनवर वाकून लेकाकडे पाहिलं.

"देवा, उपाशी हाईस का रांगेत?"

"नाही गं आई. बिस्किटं आहेत."

"मग सैल बाहीचा शर्ट घातलास का? हे बघ, फुल बाहीचा घालून बसलाय. आता दंड कसा काढणार बाहेर?"

दादाने स्वतःच्या शर्टकडे पाहिलं. "अरेच्चा."

"शाळेत पण असाच," आई मला म्हणाली. तिकडे मागच्या गाडीने हॉर्न वाजवला. पुढे जागा झाली होती. दादाने फोन शेजारच्या सीटवर टाकला आणि गाडी पुढे घेतली, आणि आम्हाला बराच वेळ नुसतं गाडीचं छत आणि बटणं सोडता सोडता पुटपुटणारा त्याचा आवाज, एवढंच येत राहिलं.